टेबलावरची काळी बशी

आमच्या रिक्षात आवाजाचा एकच कायदा होता. टपावरचा कर्णा बोलला, तर चौक ऐकतो. कर्णा गप्प, तर तुम्ही मुके. मग माईक तोंडात घालून बोंबला, रडा, शिव्या द्या. शेजारच्या पानपट्टीवाल्यालासुद्धा पत्ता लागायचा नाही.

या कायद्यावर मी तीन वर्षं काढली. कॉलेजात असताना नदीच्या पाण्यासाठी भांडणाऱ्या एका समितीत मी गेले. समिती म्हणजे काय, तर एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, त्यांची सायकल आणि नदीकाठच्या पाच-सहा गावांतली चिडलेली माणसं. शिक्षकांना सगळे मास्तर म्हणायचे. रिक्षा मामांची. मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण अख्ख्या स्टँडचे मामा होते. आणि मी. मी पत्रकं लिहायचे आणि रिक्षात बसून माईकवर ओरडायचे.

पत्रक लिहायला मास्तरांनी शिकवलं. "पत्रक म्हंजे निबंध न्हवं. एक वाक्य, एक दणका. वाचणारा सायकलवर बसलेला हाय, एक पाय पायडलवर हाय, एवढं ध्येनात ठेव." मी ठेवलं. माझी वाक्यं अजून तशीच आहेत, माफ करा किंवा करू नका.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात कबनूरपासून पेठ वडगावपर्यंत आणि तिकडं मुरगूडच्या बाजारापर्यंत लोक माझा आवाज ओळखायचे. चेहरा नाही, आवाज. "पाण्याची पोरगी आली बघा," म्हणायचे. मला त्याचा माज होता. लपवण्यात अर्थ नाही.

कर्णा बंद पडला की मामांची तपासणी ठरलेली. आधी वायर हलवायची. मग बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा बुरा पॉलिशपेपरनं घासायचा. मग मशीनच्या पाठीवर एक चापट. त्यानंही नाही झालं, तर खाली उतरून विडी. कर्णा शिट्टी मारायला लागला तर माईक त्याच्या पाठीमागं धरायचा. एवढंच शास्त्र. माझं ध्वनीचं सगळं शिक्षण त्या रिक्षाच्या मागच्या सीटवर झालं, आणि ते पुरेसं आहे असं मी समजत होते.

कबनूरच्या बाजूला कापड रंगवायचा एक कारखाना होता. आमच्याकडं त्याला प्रोसेस म्हणतात. त्याचं पाणी ओढ्यात, ओढा नदीत, नदी मास्तरांच्या गावाच्या नळात. नळाला कधी जांभळट पाणी यायचं, कधी स्वच्छ दिसायचं. स्वच्छ दिसलं की बायका जास्त घाबरायच्या. जांभळं पाणी निदान ओतून देता येतं. पोरांच्या पोटऱ्यांवर चट्टे उठले होते. अर्ज केला की दर खेपेला एकच उत्तर यायचं: पाणी मानकात आहे. पाण्याचा नमुना कोण तपासायचं? कारखान्याचीच प्रयोगशाळा. चोरालाच पंचनामा लिहायला सांगायचा, आणि वर त्याच्या अक्षराचं कौतुक करायचं!

त्या प्रयोगशाळेत एक मदतनीस होता. मी त्यांना अण्णा म्हणायचे. ते मला तंगी म्हणायचे, म्हणजे त्यांच्या घरच्या कानडीत धाकटी बहीण. पन्नाशीच्या आतबाहेरचा, सावकाश बोलणारा माणूस. लिंगायत, गळ्यात लिंग. काही अवघड बोलायचं असलं की सदऱ्यावरून त्याला हात लावायचे. डाव्या हाताची दोन बोटं ॲसिडनं भाजून चिकटल्यासारखी झालेली.

पेठ वडगावच्या बाजारात ते मिरच्या घ्यायला यायचे. एका बाजारादिवशी माझं भाषण झाल्यावर त्यांनी मला मिरच्यांच्या ढिगाआड गाठलं.

"तंगी, तू म्हणतीस ते खरं हाय. फकस्त कमी हाय."

"म्हंजे?"

"तपासणीच्या वह्या दोन हाईत. एक दाखवायची, एक खरी. दाखवायचीतलं अक्षर माझंच हाय."

मी तिथंच ओरडणार होते. त्यांनी भाजलेला हात वर केला आणि मी गप्प बसले. मला गप्प बसवणारी माणसं त्या काळात फार नव्हती.

पुढच्या बाजाराला त्यांनी खऱ्या वहीची तीन पानं झेरॉक्स करून आणली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर अर्धा किलो मिरच्या. पिशवी माझ्या हातात देताना त्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

"एकच अट. माझं नाव कुठंबी येऊ द्यायचं न्हाय. कारखान्याच्या खोलीत राहतोय मी. पोरगी बारावीला हाय. नाव आलं की आदी खोली जाईल, मग मी."

"मग मी म्हंजे?"

"म्हंजे मी," अण्णा म्हणाले आणि मिरचीवाल्याकडं वळले.

मी शब्द दिला. मास्तरांनाही नाव सांगितलं नाही. कुणालाच नाही. दोन महिने माझ्या पोटात ते नाव दगडासारखं होतं, आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

ती तीन पानं अर्जाला जोडली आणि त्यांनी काम केलं. प्रदूषण खात्याच्या वरच्या कचेरीतून सुनावणीचं पत्र आलं. पण साहेब कोल्हापुरात येणार नव्हते. त्यांचं फक्त तोंड येणार होतं, टीव्हीवर. ते मुंबईत बसणार, आम्ही इथल्या सरकारी इमारतीत बसायचं, आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांना बघत बोलायचं. व्हिडिओ कॉन्फरन्स. हा शब्द तेव्हा आमच्यात कुणीच वापरला नव्हता. मामा 'टीव्हीवरची मीटिंग' म्हणायचे. त्यांना सुनावणीत काही काम नव्हतं, पण "आवाजाचा मामला हाय, मी पायजेच," म्हणून ते आले.

आम्ही तिघं. मी, मास्तर, मामा. मास्तरांच्या पिशवीत नळाच्या पाण्याची बाटली.

वरच्या मजल्यावरची खोली. खिडक्यांना जाड पडदे, एसी इतका गार की मास्तरांनी मफलर काढून कानाला गुंडाळला. बाहेर भर दुपार, आत दिवेलागण झाल्यासारखं. लांब टेबल. समोर कपाटाएवढा टीव्ही, त्याच्या डोक्यावर एक कॅमेरा. टेबलाच्या मध्यभागी एक चपटी काळी बशी, तिला शेपटीसारखी वायर. मामांनी ती उचलून बघितली, खाली ठेवली. मी माझ्या पत्रकांचा गठ्ठा तिच्या शेजारी ठेवला. भिंतीवर पाटी होती: येथे थुंकू नये.

टीव्ही लावणारा ऑपरेटर माझ्याच वयाचा. इस्त्रीचा शर्ट, पायात सरकारी घाई. त्यानं एक नंबर फिरवला, टीव्हीवर निळा रंग आला, मग चित्र. मुंबईतलं एक टेबल. तीन रिकाम्या खुर्च्या. पाण्याच्या बाटल्या, प्लॅस्टिकची फुलं. माणूस नाही. चित्राच्या अगदी डाव्या काठाला मात्र एक बाही दिसत होती. पांढरी पूर्ण बाही, मनगटावर घड्याळ, बोटांत फिरणारं पेन. पुढचं सगळं काठाबाहेर.

"साहेब लोक येतीलच," ऑपरेटर म्हणाला. "हॅलो मुंबई. हॅलो. आवाज येतोय का?"

टीव्ही गप्प.

त्यानं रिमोटनं आवाज वाढवला. पडद्यावर हिरव्या रेघा शेवटपर्यंत गेल्या. गप्प. रिमोटच्या बॅटऱ्या काढून तळहातावर चोळल्या. गप्प. टीव्हीच्या मागं वाकून लाल-पांढऱ्या पिना दाबल्या. गप्प.

"वायर हलवा की," मामा म्हणाले.

"काका, हे रिक्षातलं मशीन नाही."

"मशीन हाय न्हवं? मग वायर असणार. आवाज काय देवाच्या कृपेनं येतोय व्हय!"

ऑपरेटर वैतागला. "मी फोन करून विचारतो. तुम्ही कशाला हात लावू नका." फोन शेजारच्या खोलीत होता. तो दार लावून गेला.

आता लक्ष देऊन वाचा, कारण पुढची दहा मिनिटं मी रोज वाचते.

खोलीत आम्ही तिघं. टीव्ही मुका. माझ्या तीन वर्षांच्या शिक्षणाप्रमाणं कर्णा गप्प म्हणजे सगळंच गप्प. माईक तर खोलीत दिसतही नव्हता. आमचा माईक म्हणजे हातात धरायचा दांडा, त्याला बटण, बटण दाबलं की टक आवाज. इथं तसलं काही नव्हतं. मामांनी तर मघाची काळी बशी पुन्हा हातात घेतली, उलटी केली, आणि विचारलं, "ह्यात राख झाडत्यात काय?"

"ठेवा खाली. सरकारी हाय," मास्तर म्हणाले.

"न्हाय, वजनाला ठेवली असंल. कागद उडू नयेत म्हणून." त्यांनी बशी माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवली. म्हणजे बरोबर माझ्या तोंडासमोर.

मास्तर काळजीत होते. "एक सांग. साहेबांनी विचारलं, ही पानं कुठनं आणली, तर काय बोलायचं?"

"टपालानं आली म्हणायचं. पाकिटावर नाव नव्हतं. एवढंच."

"आणि खरं काय? मला तरी सांगशील का न्हाय? मी अध्यक्ष हाय समितीचा."

"मास्तर, नको."

"बरं, ऱ्हायलं."

मी तिथंच थांबले असते. पण मला मामांची भीती होती. मामा बाजारात दिसेल त्याला 'काय पावणं' म्हणून गळ्यात पडणारा माणूस. मिरच्यांच्या ढिगापाशी त्यांनी अण्णांना माझ्याशी बोलताना एकदा बघितलं होतं आणि त्या दिवसापासून ते दर बाजाराला त्यांना हाक मारत होते. मला ते बंद करायचं होतं. जाईन तिथं सांभाळायचं, असा माझा बाणा होता ना!

"मामा, एक ऐका," मी म्हणाले. आणि मी हळू बोलत नाही. मला येतच नाही. "वडगावच्या बाजारात ते अण्णा हाईत न्हवं, गळ्यात लिंग, डावी दोन बोटं भाजल्याली..."

"मिरच्यावालं पावणं?"

"तेच. त्यांना इथनं पुढं वळख दाखवायची न्हाय. हाक मारायची न्हाय. प्रोसेसच्या लॅबमधलं हाईत ते. पानं त्यांनीच दिल्याती. कुणाला कळलं तर कारखान्याची खोली जाईल त्यांची. कळलं का? आपण तिघांच्या भाईर हे जायला नको."

"आयला," मामा म्हणाले. मग मोठ्यानं हसले. "मी त्येला चहा पाजणार हुतो!"

"आता पाजायचा न्हाय."

मी टीव्हीकडं बघत होते. सवयीनं, बोलताना समोर बघायची सवय. तीन रिकाम्या खुर्च्या. प्लॅस्टिकची फुलं. डाव्या काठाला ती बाही. माझं बोलणं संपलं आणि दोन क्षणांनी त्या हातातलं पेन थांबलं. हात चित्राबाहेर गेला. परत आला तेव्हा हाताखाली कागद होता. हात लिहायला लागला.

"बघ," मामा म्हणाले, "कुणीतरी हजेरी मांडालंय."

आम्ही हसलो. तिघंही. मास्तरसुद्धा.

दार उघडून ऑपरेटर आला. चेहरा मघापेक्षा हलका.

"आपल्याकडंच आहे प्रॉब्लेम. त्यांना यायलाय तुमचा."

"काय यायलाय?" मी विचारलं.

"आवाज. तुमचा आवाज त्यांना येतोय. त्यांचाच तुम्हाला येईना."

मला वाक्य कळलं नाही. शब्द कळले.

"कवापास्नं?"

"लावल्यापासून की. फोनवरचा म्हणाला, पोरीला जरा हळू बोलायला सांगा, इकडं कानठळ्या बसाल्यात."

"पण माईक कुठं हाय?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

ऑपरेटरनं पत्रकांच्या गठ्ठ्याकडं बोट केलं. "तो काय. त्याच्यावर काय ठेवू नका म्हणून सांगणारच होतो. तुम्ही त्यालाच वर ठेवलाय. चांगलं केलंत, जास्तच स्पष्ट जातंय."

काळी बशी. तिच्यावर ना दिवा, ना बटण. कुणी ऐकतंय याची एक खूण नाही. येथे थुंकू नये हे लिहायला सरकारकडं रंग होता. येथे बोललेलं तिकडं ऐकू येतं, एवढं लिहायला नव्हता.

मी उठले. काय करावं कळेना, म्हणून मला येत होतं ते केलं. टीव्हीच्या मागं गेले. ऑपरेटर काहीतरी म्हणत होता. मागं धूळ, कोळिष्टक, पाच-सहा भोकं. लाल-पांढऱ्या पिना एका ओळीत खोचलेल्या, आणि त्याच्या खाली तशीच दुसरी ओळ. एकीतून आवाज टीव्हीत येतो, दुसरीतून टीव्हीबाहेर जातो. पिना बाहेर जायच्या भोकांत होत्या. कुणीतरी झाडताना काढल्या असतील, परत लावताना चुकल्या असतील. दोन बोटांचं अंतर. मी उपसल्या आणि खालच्या ओळीत खोचल्या.

टीव्हीतून आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कपात चमचा फिरल्याचा. इतका जवळ की मामा दचकून मागं वळले. मग एक शांत, सुशिक्षित आवाज:

"नमस्कार. आला का आमचा आवाज? छान. बसा, बसा. थोडक्यात बोला हं. बरंचसं आम्ही ऐकलंय."

मी टीव्हीमागून बाहेर आले तेव्हा खुर्च्या भरलेल्या होत्या. तीन साहेब. सभ्य माणसं, चष्मे, फायली. डाव्या काठाची बाही मात्र नव्हती. तिथं फक्त टेबलाची कड दिसत होती.

सुनावणी झाली. मास्तरांनी बाटली कॅमेऱ्यासमोर धरली. पाण्याचा रंग मुंबईला काय दिसला असेल देव जाणे. मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, आवाज मात्र मोठा नव्हता. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. नमुने पुन्हा घेऊ म्हणाले, तारीख कारखान्याला आधी कळवू म्हणाले, नियमच तसा आहे म्हणाले. सगळं नीट, जी लावून.

ही पानं कुठून आणली, हे त्यांनी विचारलं नाही. एकदाही नाही. ज्या एका प्रश्नासाठी आम्ही तयारी केली होती, तो आलाच नाही.

जिन्यावर मास्तर म्हणाले, "कदाचित त्यांचं ध्यान नसंल."

रिक्षा चालू करायला मामांना तीन वेळा दांडा ओढावा लागला.

माझ्याकडं मोबाईल नव्हता. अण्णांच्या खोलीशेजारच्या किराणा दुकानाचा फोननंबर होता, पण तिथं फोन केला तर दुकानदाराच्या समोर बोलावं लागणार. कारखान्याच्या गेटवर जावं, तर मला तिथं कोण ओळखत नव्हतं? माझं तिथं नुसतं उभं राहणं म्हणजे बोट दाखवणं. बाजाराला चार दिवस होते. चार दिवस थांबायचं, एवढंच करायचं होतं.

मला थांबता येत नाही. मी घरी जाऊन पत्रक लिहिलं.

मुका टीव्ही लावून आम्हाला बोलतं केलं! लोकांच्या घरात नाही, लोकांच्या तोंडात कान घातले! दणका, दणका, दणका. आणि पाचव्या ओळीत मी लिहिलं: कारखान्यातल्या ज्या प्रामाणिक माणसानं सत्य उजेडात आणलं, त्याचं नाव या चोरांनी चोरून ऐकलं, त्याच्या केसाला धक्का लागला तर याद राखा.

मला वाटलं, मी त्यांना वाचवतेय. चारचौघांत ओरडून सांगितलं की कुणी हात लावायला धजत नाही, असं आम्ही शिकलो होतो. उजेड पाडा, मग अंधारात मारता येत नाही. मास्तरांनी पत्रक वाचलं, पाचव्या ओळीवर थांबले, आणि सही केली. दुसऱ्या दिवशी छापून आलं. तिसऱ्या दिवशी आम्ही कबनूरच्या गल्ल्यांत वाटलं. मागांच्या खडखडाटात कर्णा लावून उपयोग नव्हता, म्हणून हातानं वाटलं. दारादारात, यंत्रमागांच्या खिडक्यांत, चहाच्या टपरीवर. लोक घेत होते, वाचत होते, आणि माझ्याकडं न बघता घडी करून खिशात ठेवत होते. एरवी निदान वाद घालायचे.

बाजारादिवशी अण्णा आले. मिरच्यांच्या ढिगाआड नाही, समोरच उभे राहिले, उघड्यावर. मला त्यातच कळायला हवं होतं. हातात माझं पत्रक. चार घड्या.

"अण्णा, घोटाळा झालाय. मी तुमाला सांगणारच..."

"ठावं हाय."

"त्यांनी चोरून ऐकलं, अण्णा. टीव्ही बंद दिसत हुता. आमाला काय म्हाईत..."

"तंगी," ते म्हणाले. राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं. "तिथं तू बोललीस. तवा मॅनेजर मला बोलावून घ्येऊन म्हणाला, तुजं नाव यायलंय, खरं का? मी न्हाय म्हटलं. त्येलाबी पुरती खात्री न्हवती. मुंबैहून कुणीतरी फोनवर सांगितल्यालं, लिंग घातल्याला, भाजलेल्या हाताचा. लॅबमदी हात भाजल्याली तिघं हाय आमी. लिंगवाली दोघं. अजून वाट हुती."

त्यांनी पत्रकाची घडी उलगडली. पाचव्या ओळीवर चिकटलेली बोटं ठेवली.

"हे कवा लिवलंस?"

मी त्यांच्या बोटांखालची ओळ वाचली.

"सोमोर ठेवलं त्येनं माझ्या. म्हणला, आता तुमचीच माणसं छापून सांगायल्यात, आमच्यातल्याच कुणीतरी दिलंय म्हणून. दोघातला दुसरा मनुष्य रडायला लागला, न्हवं मी, न्हवं मी म्हणून. पोरंबाळं हाईत त्येलाबी. मग मी हो म्हटलं."

बाजार आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होता. कुणीतरी कोथिंबिरीची जुडी आपटून पाणी झाडत होतं. मामा लांब रिक्षाजवळ उभे होते. त्यांनी अण्णांना बघितलं, हात वर उचलला, आणि मधेच खाली घेतला. मीच तसं सांगितलं होतं.

"आता?" मी विचारलं.

"लॅबमदनं काडून खाली हौदावर घातलंय. जितं पाणी सोडत्यात तितं." त्यांनी पत्रक पुन्हा घडी घालून माझ्या हातात दिलं, चार घड्या, नीट. "महिन्याभरात खोली सोडायची. पोरीची परीक्षा हाय, तेवढं व्हईपातूर थांबू द्या म्हटलं. बघू म्हणलेत."

"आपण मोर्चा काढू, अण्णा. गेटवर बसू. मी..."

त्यांनी भाजलेला हात वर केला. पहिल्या दिवशीसारखा. "नको. तू आता कायबी करू नको." मग जाताना, वळून: "मिरच्या घ्यायला आलतो. इसरलोच बघ."

ते मिरच्या न घेताच गेले.

त्या दुपारी मी आणि मामा रिक्षा घेऊन कबनूरला परत गेलो आणि पत्रकं गोळा करत फिरलो. हसू नका. पानपट्टीवाल्याकडून, सलूनच्या आरशामागून, गटारीतून. सत्तरेक मिळाली असतील. उरलेली लोकांच्या खिशांत होती, आणि काही, मला खात्री आहे, फायलींत.

नमुने घेतले गेले. आधी कळवलेल्या तारखेला, आधी कळवलेल्या वेळी. त्या दिवशी ओढ्याचं पाणी आमच्या आयुष्यात पाहिलं नव्हतं इतकं नितळ होतं. पाणी मानकात आहे, असं पत्र आलं. खरी वही आता सापडणार नव्हती. ती बाहेर काढणारा माणूस हौदावर उभा होता.

ती पांढरी बाही कुणाची होती, मला आजही माहीत नाही. कारकून असेल, कारखान्याचा वकील असेल, कुणी नुसता चहा द्यायला आलेला असेल. माहितीचा अर्ज मी दोनदा केला. त्या खोलीत त्या वेळी कोण उपस्थित होतं, याची नोंद उपलब्ध नाही, असं उत्तर आलं. मला त्यांच्यावर राग आहे, आणि तो मी सोडणार नाही. न कळवता माणसाचं बोलणं घेणारी ती खोली अजून तशीच असेल, ती बशी अजून टेबलावर असेल, आणि कुणीतरी आत्ता तिच्यावर कागद ठेवत असेल. पण पाचवी ओळ मी लिहिली. ती कुणी चोरून ऐकली नाही. ती मी छापून घरोघर वाटली.

महिना संपत आला तेव्हा मला राहवेना. मी स्टँडवरच्या फोनच्या टपरीत शिरले, काचेचं दार ओढून घेतलं आणि अण्णांच्या शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर फिरवला. दुकानदारानं उचलला. पलीकडं यंत्रमाग चालू होते, खडखड खडखड.

"शेजारच्या अण्णांना बोलावता काय? लॅबमधल्या," मी म्हणाले.

"ते गेलं की सोडून. चार दिस झालं."

"कुठं गेलं?"

"म्हाईत न्हाय. टेम्पो आलता, सामान भरलं, गेलं. तिकडं कर्नाटकात कोण तर पावणं हाईत म्हणं त्यांचं."

"आणि पोरीची परीक्षा?"

खडखडाट तसाच चालू होता. मग त्यानं विचारलं, "कोण बोलतंय?"

माझं तोंड उघडं होतं. त्या दुकानात आणखी कोण उभं आहे, मला दिसत नव्हतं. फोन कुणी कुणी कानाला लावलाय, दिसत नव्हतं. तीन वर्षं ज्या आवाजाचा मला माज होता, तो घशात आला आणि तिथंच राहिला.

"हॅलो," दुकानदार म्हणाला. "हॅलो? कोण हाय? तुमचा आवाज येईना झालाय. जरा मोठ्यानं बोला की."